हात मागे बांधून

आमचं व्हॉलीबॉलचं मैदान जूनच्या पहिल्या आठवड्यात मिटतं ते गणपती गेल्यावर उघडतं. तोवर नेट गुंडाळून पडवीच्या वाशांवर टाकलेलं असतं, मुली शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर बॉल मारत असतात आणि मला तुमची पत्रं वाचायला सवड असते. या खेपेला सात प्रश्न घेतले आहेत. ज्या तीन पालकांनी ‘आमच्या मुलीचं राज्य संघाचं बघा’ असं लिहिलंय त्यांना एवढंच, की राज्य संघ मी निवडत नाही. मी दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात रोज चार ते सहा या वेळात मुलींना शिकवते आणि सुरूच्या बनात गेलेले बॉल शोधून आणते.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा आहे. खात्याच्या संघातून दहा वर्षं खेळतोय, स्मॅशर म्हणून. दोन्ही गुडघे कुरकुरायला लागलेत. पुढच्या मोसमापासून ज्युनियर मुलांना शिकव, असं साहेब म्हणतात. ताई, खेळणं सोडून शिकवायला लागल्यावर तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं? खरं सांगा.
(एक खेळाडू, रत्नागिरी)

सगळ्यात जड गेलं ते हात खाली ठेवणं. ऐकून हसू येईल, पण तेच.

मी सेटर होते, म्हणजे स्मॅश मारणारीसाठी बॉल वर उचलून देणारी; त्या देण्यालाच सेट म्हणतात. आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘लिफ्टर’ म्हणतात. तुम्ही स्मॅशर, तुम्हाला बॉल मिळेल तेव्हा मिळेल. सेटरचं तसं नाही. पहिला बॉल कुणीही घेवो, सरळ घेवो की वाकडा, दुसरा आपला. दर रॅलीला. त्यामुळे काहीही वर गेलं की माझे हात आपोआप कपाळाच्या वर जातात. एसटीत कुणी वरच्या फळीवर पिशवी टाकली तरी जातात.

याचं मूळ आमच्या शाळेच्या भिंतीत आहे. शाळेत खेळाचे सर नव्हते. चित्रकलेचे सर नियमांचं पुस्तक वाचून व्हॉलीबॉल घ्यायचे. १९८४ साली त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं आणि सांगितलं, रोज दोनशे. भिंत चिऱ्याची, वर गिलावा नाही. जांभ्याच्या त्या खळग्यांवर बॉल आपटला की डावीकडे येईल, उजवीकडे येईल की पायाशी पडेल, काही सांगता यायचं नाही. बॉलही चांभाराने दोनदा शिवलेला, पावसात भिजला की नारळाएवढा जड. त्या भिंतीने माझी बोटं घडवली. दोन वर्षांनी विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला गेलो तर पहिल्या दिवशी माझे सेट चुकायला लागले, कारण तिथे बॉल सरळ येत होता.

असे हात घेऊन मी मुंबईला नोकरीला लागले आणि १९९१ ते २००३ खात्याकडून खेळले. तीनदा राज्याच्या संघात होते, त्यातल्या दोनदा बाकावर. शेवटच्या मोसमात ब्लॉक करून, म्हणजे समोरचा फटका नेटवर अडवायला उडी मारून, उतरताना नेटखाली समोरच्या बाईच्या पायावर पाय पडला आणि उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, चालायला लागले, उडी मात्र परत आली नाही. मग चार-पाच वर्षं फाइली. २००८ मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला, नोकरी सोडून गावी आले, आणि गावातल्या शाळेने विचारलं, मुलींना खेळवाल का?

पहिली दोन वर्षं मी शिकवत होते असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी खेळत होते. ‘बघा हं, असं’ म्हणायचं आणि दहातले सात सेट आपणच करायचे. स्मॅश मारणाऱ्या मुली खूश, कारण माझा बॉल नेटपासून बरोबर हातभर लांब, डोळे मिटून मारावा असा. मॅचच्या दिवशी मी रेषेबाहेर आणि आत आमची आठवीतली सेटर. एकदा ती म्हणाली, “बाई, तुम्ही करता तेव्हा बॉल निराळाच असतो.” मला वाटलं, कौतुक करतेय. ती तक्रार होती, हे कळायला वर्ष गेलं.

मग चिपळूणच्या एका शाळेशी मॅच झाली. सरळ हरलो. आमच्या सेटरने चार नंबरला, म्हणजे नेटजवळ डावीकडे, दिला तर त्यांच्या दोघी आधीच तिथे ब्लॉकला उभ्या. पाठीमागे दोन नंबरला, नेटजवळ उजवीकडे, दिला तर तिथेही उभ्या. मला कळेना, यांना स्वप्न पडतं की काय. मॅच संपल्यावर चहा घेता घेता त्यांचे सर म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. आम्ही तुमच्या सेटरकडे बघतच नव्हतो, तुमच्याकडे बघत होतो.” बॉल वर गेला की मी बाहेर उभी राहून हात वर करत होते. पोरीला सेट शिकवलेला मीच, त्यामुळे कसल्या पासवर ती कुठे देणार हे मला तिच्याइतकंच ठाऊक, आणि माझे खांदे तिच्याआधी तिकडे वळत होते. त्यांच्या मधल्या ब्लॉकरला सांगून ठेवलेलं, बाईंच्या खांद्यांवर नजर ठेव.

तेव्हापासून मॅचला मी हात मागे बांधून उभी राहते. गावात लोकांना वाटतं, बाई फार शिस्तीच्या.

पुढचा धडा गुडघ्याने दिला. २०११ च्या डिसेंबरात तो पुन्हा सुजला, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. मंडपवाल्याकडून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मैदानाच्या मागे, एंड लाइनपासून चार पावलांवर टाकली, कारण सावली तेवढीच होती. बाजूला उभं राहून बघताना मला बॉल दिसायचा. तो इकडून तिकडे जायचा, माझी मान त्याच्याबरोबर हलायची. मागून बघितलं तेव्हा पहिल्यांदा मुली दिसल्या. पाच नंबरवरची, म्हणजे मागच्या रांगेत डावीकडची, मुलगी सर्व्हिस येण्याआधी टाचांवर रेलून उभी असायची. सेटर बॉल द्यायच्या आधी, जिला द्यायचा तिच्याकडे मान वळवून बघायची. म्हणजे चिपळूणकरांना माझे खांदे दिसले नसते तरी हिची मान दिसलीच असती. आणि एक पोर प्रत्येक चुकीनंतर मी नेहमी उभी राहते त्या जागेकडे बघत होती. मी तिथे नव्हते, तरी बघत होती. मला कसंनुसं झालं.

खुर्चीत बसून करायचं काय, म्हणून वही घातली. सर्व्हिस घेताना पहिला पास कसा गेला, त्याला आकडा द्यायचा. सेटरला जागेवरून न हलता तिन्ही बाजूंना देता आला तर ३. दोनच बाजू उरल्या तर २. कसाबसा उंच उडवून एकीलाच देता आला तर १. गेलाच तर शून्य. ही युक्ती माझी नव्हे, जगभर कोच असंच मोजतात. मी बारा वर्षं खेळून कधी मोजलं नव्हतं एवढंच. मला ठाम वाटत होतं की आमच्या स्मॅशमध्ये दम नाही. वहीत निघालं निराळंच. आखूड सर्व्हिस आली की पाच नंबरवर शून्य आणि एक, शून्य आणि एक. स्मॅश मारणारीला मारण्यासारखं काही मिळतच नव्हतं. महिनाभर स्मॅशचा सराव जवळजवळ बंद ठेवला आणि नुसत्या आखूड सर्व्हिस घ्यायला लावल्या. मुली कंटाळल्या. एका पालकांनी तर, बाईंना आता उडी मारता येत नाही म्हणून स्मॅश घेत नाहीत, असं बाजारात सांगितलं. त्या हंगामात आम्ही जिल्ह्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलो. ते पालक तिथे शिट्ट्या वाजवत होते.

तुम्ही स्मॅशर, तुमची खोड वेगळी असेल. रॅली शेवटच्या फटक्यावरून मोजायची सवय असेल. तेव्हा पहिला महिना बॉलला हात लावायचा नाही असं ठरवून बघा. तोंडाने सांगा, हाताने दाखवू नका. निदान चार मॅच मागून बसून बघा. आणि रविवारी कुठे तरी स्वतः खेळत राहा, कारण खेळायची भूक ज्युनियर पोरांच्या सरावात भागवायला लागलात तर पोरं उपाशी राहतील.

आणखी एक, जे साहेब सांगणार नाहीत. एक दिवस तुमचा एखादा मुलगा तुम्हाला जन्मात न जमलेला शॉट मारेल. आमच्या एका मुलीने जिल्हा स्पर्धेत उडीतच, पाठीमागे, न बघता सेट दिला. मी तो पंधरा वर्षं करायचा प्रयत्न केला होता. सगळे उठून नाचले, मीही नाचले, आणि रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

मोठ्यांचंच बघायचं तर ब्राझीलचे बर्नार्डिन्यो १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातले राखीव सेटर होते, आणि कोच झाल्यावर त्यांच्या पुरुष संघाने २००४ आणि २०१६ ला सुवर्ण घेतलं. त्यांचं नाव वाचलं की बाकावर बसलेली माझी ती दोन वर्षं मला जरा कमी खुपतात. पण चीनच्या लांग पिंग १९८४ ला खेळाडू म्हणून सुवर्ण जिंकल्या आणि २०१६ ला कोच म्हणून, म्हणजे याला नियम असा नाही. आणि त्या स्मॅशर होत्या, तुमच्यासारख्या.

प्रश्न : मी नववीत आहे. माझी वरून मारलेली सर्व्हिस नेटमध्ये जाते. ताकद वाढवायला काय खाऊ?
(एक विद्यार्थी, गुहागर)

काहीही खा, तुझी ताकद पुरेशी आहे. तुझा बॉल नीट उडत नाही. मैदानावर एकटा जा, सर्व्हिसला उभा राहा, बॉल उडव आणि मारू नको, खाली पडू दे. उजव्या हाताने मारत असशील तर तो डाव्या पायाच्या फूटभर पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. तिथे चपलेने खूण कर. दहातले आठ खुणेवर पडायला लागले की मग मार. शिट्टी झाल्यापासून आठ सेकंद असतात, तू दोन सेकंदात उरकतोस असं मला इथून दिसतंय.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, उंची पाच फूट. व्हॉलीबॉलचं वेड आहे. घरात सगळे म्हणतात, हा उंच लोकांचा खेळ, कबड्डीला घाल. मी काय करू?
(एक आई, खेड)

कबड्डीला घातलीत तरी वाईट नाही, आमच्या कोकणात तिथे गर्दी करायला माणसं जास्त येतात. पण तिला वेड व्हॉलीबॉलचं आहे ना?

बायकांचं नेट २.२४ मीटर, पुरुषांचं २.४३. त्याच्या वर हात नेऊन मारायचं आणि अडवायचं, तर उंची लागते. नाही म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. वरच्या पातळीवर हल्ली सेटरसुद्धा उंच शोधतात, कारण तिलाही ब्लॉकला उभं राहावं लागतं. मी पाच फूट तीन इंच. आज असते तर मला राज्याच्या बाकावरही बसवलं नसतं.

पण १९९८ मध्ये लिबेरो आला. संघात निराळ्या रंगाचा शर्ट घातलेली जी एक मुलगी दिसते, ती. ती फक्त मागच्या रांगेत खेळते, हवी तेव्हा आत-बाहेर करते, आणि तिची अदलाबदल नेहमीच्या सहा बदलांत धरत नाहीत. तिने सर्व्हिस करायची नाही, ब्लॉक करायचा नाही, नेटच्या उंचीवरून मारायचं नाही. तीन मीटरच्या रेषेपुढे येऊन तिने बोटांनी वरून सेट दिला, तर तो पुढच्या मुलीने नेटच्या वरून मारायचा नाही. हे पुष्कळ पंचांच्याही ध्यानात राहत नाही, भांडायला उपयोगी पडेल. तिचं काम एकच, बॉल जमिनीवर पडू द्यायचा नाही. बुटक्या, चपळ आणि हट्टी मुलींसाठी इतकी चांगली जागा दुसऱ्या कुठल्या खेळाने केलेली मला माहीत नाही.

मात्र तेराव्या वर्षीच तिला लिबेरो करून टाकू नका. वाढायचं वय आहे. सगळ्या जागांवर खेळू दे, सरावाला नेट खाली घ्या म्हणजे मारायची मजाही कळेल. सोळाव्या वर्षी बघू. आणि उंची वाढवायच्या डब्यांवर पैसे घालू नका. ते पैसे चांगल्या बुटांना लागतील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आम्ही खेळलो तेव्हा सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे, पंधरा गुणांचा सेट, म्हणजे डाव, तासभर चाले. आता पंचवीसचा सेट, प्रत्येक चुकीला गुण, अर्ध्या तासात आटोपतो. आमच्या मालवणात म्हणतात तसं, ‘तेव्हाचो खेळ आता रवलो नाय.’ तुम्ही दोन्ही खेळलात, तुमचं मत काय? आणि १९८६ नंतर आशियाई स्पर्धेत आपल्याला पदक का नाही?
(एक वाचक, मालवण)

सर, तुमच्या पत्रातलं अक्षर बघून आमच्या चित्रकलेच्या सरांची आठवण झाली.

मी दोन्ही खेळले आणि मला जुन्याचा लोभ आहे. तरी नवंच बरं असं मी म्हणेन. जुन्या पद्धतीत सर्व्हिस हातात असताना थोडी चैन करता यायची. दुसराच बॉल समोर ढकलून देणं ही माझी आवडती लबाडी. फसली तर फक्त सर्व्हिस जायची, गुण नाही. प्रत्येक रॅलीला गुण सुरू झाला त्या मोसमात, पहिल्याच स्पर्धेत मी ही लबाडी केली, बॉल नेटला घासून आमच्याच बाजूला पडला. मला वाटलं, ठीक, सर्व्हिस गेली. मग पाटीकडे बघितलं, तर समोरच्यांचा गुण चढलेला. कॅप्टनने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. पुढचे चार महिने मी दुसरा बॉल ढकलला नाही. म्हणजे नवीन गुणांनी माझी चैन नेली. पण माझ्या चैनीसाठी समोरच्या संघाला दोन तास ताटकळत ठेवायचं, यात न्याय कुठे होता? टीव्हीवाल्यांना मॅच किती वेळ चालेल हे आधी कळायला हवं होतं, ते मुख्य कारण. पाचवा सेट तर आधीपासूनच अशा गुणांनी खेळत होतो.

सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली तर आता चालते. हे मात्र मला अजून पटत नाही. कुणाचं कर्तृत्व नसताना गुण जातो.

पदकाचं म्हणाल, तर पुरुष संघाची आशियाईतली पदकं तीन : १९५८ ला कांस्य, १९६२ ला रौप्य, १९८६ ला सोलमध्ये कांस्य. सोलची बातमी मी पंधराव्या वर्षी पानाच्या गादीवरच्या रेडिओवर ऐकली. जिमी जॉर्ज त्या संघात होते. इटलीच्या क्लबांनी बोलावून नेलेला केरळचा खेळाडू, आणि पुढच्याच वर्षी तिथे मोटार अपघातात गेला, बत्तिसाव्या वर्षी. आमच्या सरांनी त्याचं पेपरातलं चित्र कापून फळ्याच्या चौकटीला लावलं होतं, ते मी शाळा सोडली तरी तिथेच होतं. २०२३ च्या हांगझाऊला आपल्या मुलांनी दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा मी मोबाइलवर मॅच बघत होते आणि माझे हात वर गेले होते. शेवटी सहावे आलो. पदक का नाही याचं माझं उत्तर साधं आहे : आपली मुलं सराव फार करतात आणि मॅच फार कमी खेळतात. माझ्या मुलींना वर्षात आठ मॅच मिळाल्या तर ते वर्ष चांगलं. आठ मॅचमध्ये घाबरणंसुद्धा पुरतं शिकून होत नाही.

प्रश्न : आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या सहा-सात मुलींना खेळायचंय. घरचे हाफ पँटला तयार नाहीत, दोघी डोक्यावर रुमाल बांधतात. स्पर्धेत चालेल का?
(एक शिक्षिका, दापोली तालुका)

चालवून घ्या, बाई. पायघोळ टाइट्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बसणारा कापडी रुमाल, टाचणी मात्र नको. टाइट्स सगळ्यांच्या एका रंगाच्या घ्या म्हणजे पंच कुरकुरणार नाहीत, आणि तरी संयोजकांना आधी लेखी कळवून ठेवा. कुणी वाद घातला तर सांगा, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तची जोडी बीच व्हॉलीबॉल अशाच अंगभर कपड्यांत खेळली, त्यातल्या एकीच्या डोक्यावर रुमाल होता. जगाने बघितलं, बॉल काही अडला नाही.

माझी पहिली हाफ पँट आईने बाबांच्या खाकी कापडातून शिवली होती, गुडघ्याच्या खाली चार बोटं. बाबा एसटीत कंडक्टर. दापोली स्टँडवर मुलं ओरडायची, ‘तिकीट, तिकीट!’ मी तिकीट कापल्यासारखं करून दाखवायचे. तुमच्या मुलींनाही लोक काही तरी ओरडतीलच. सहा जणी एकदम असल्या की ओरडणाऱ्याची पंचाईत होते, म्हणून पहिले दोन महिने एकीलाही एकटी येऊ-जाऊ देऊ नका.

प्रश्न : कोचिंगमध्ये पोट भरतं का? कोणता कोर्स करावा?
(तिघांनी विचारलं आहे)

शाळेत नोकरी हवी तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. कोच म्हणूनच जगायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा. ही संस्था १९६१ पासून आहे आणि तिथलं प्रमाणपत्र असलं की अर्ज निदान वाचला जातो. ज्यांना वर्षभर जाता येत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचाही कोर्स असतो. मी तोच केला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, वर्गातल्या मुलांनी मला पहिल्या दिवशी मॅडम समजून उभं राहून नमस्कार केला. पोट भरतं का? मोठ्या शहरात क्लबमध्ये किंवा खात्यात भरतं. आमच्याकडे पोफळीची वाडी असेल तर भरतं.

प्रश्न : आमच्या मंडळाला किनाऱ्याजवळ व्हॉलीबॉलचं कायमचं मैदान करायचंय. जागा आहे, थोडे पैसे आहेत. कसं करावं?
(एक मंडळ, श्रीवर्धन)

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण यावर मला रात्रभर बोलता येतं.

आधी दिशा. मैदान १८ मीटर लांब, ९ रुंद. लांबी उत्तर-दक्षिण धरा, हे विसरलात तर बाकी सगळं वाया. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी पाचनंतर ऊन पाण्यावरून आडवं येतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवलीत तर एका संघाच्या डोळ्यांत रोज सूर्य. वाराही दुपारनंतर समुद्राकडूनच येतो. मैदान उत्तर-दक्षिण असलं की तो दोघांनाही आडवा लागतो. नाही तर एकाची सर्व्हिस नेटमध्ये आणि दुसऱ्याची शेजारच्या वाडीत. आमच्या गावात पूर्वी मुलांनी उलटं मैदान आखलं होतं. टॉस जिंकला की मॅच जिंकली.

चारी बाजूंनी निदान तीन मीटर मोकळी जागा ठेवा. सुरूच्या झाडांना लागून आखू नका. सावली छान वाटते, पण त्यांचा पाला पडून जमीन अशी निसरडी होते की मुलं स्केटिंग करतात.

वाळू की माती, हे आधी ठरवा. बीच व्हॉलीबॉल खेळायचं असेल तर तो निराळा खेळ आहे : मैदान १६ बाय ८, दोघांचा संघ, बॉलमध्ये हवा कमी, आणि वाळू निदान ४० सेंटिमीटर खोल, शंख-शिंपले चाळून काढलेली. सहा जणांचा खेळ खेळायचा असेल तर माती. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवा, मध्ये किंचित उंच आणि कडेला उतार ठेवा. चुन्याच्या रेषा दवाने आणि पायांनी आठवड्यात जातात. आम्ही पाच सेंटिमीटर रुंदीची नायलॉनची पट्टी खिळ्यांनी ठोकतो, तिचे खिळे दर शनिवारी तपासायचे, हे काम सर्वांत लहान मुलीकडे. भरतीच्या रेषेजवळ काँक्रीट ओतायच्या आधी ग्रामपंचायतीत विचारा. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांचा, कायदा मंडळ बघत नाही, जागा बघतो.

आता खांब. खारी हवा साधं लोखंड दोन वर्षांत खाते. गॅल्व्हनाइझ केलेला पाइप घ्या, थोडा महाग पडेल. बाजूच्या रेषेपासून मीटरभर बाहेर रोवा आणि छातीच्या उंचीपर्यंत जुन्या टायरची ट्यूब किंवा काथ्याची गादी गुंडाळा. बॉलकडे बघत धावणाऱ्या मुलाला खांब दिसत नाही. आमचे पहिले खांब सिमेंटमध्ये पक्के गाडलेले होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तुम्हाला श्रीवर्धनकरांना मी काय सांगायचं. एक सुरू आडवा झाला तो बरोबर खांबावर. खांब वाकला आणि पायाचं सिमेंटही उखडून वर आलं. तेव्हापासून आम्ही खाली मोठ्या व्यासाचा आखूड पाइप गाडतो आणि त्यात खांब उभा करतो. पावसाळ्यात चौघींनी मिळून उपटायचे, भोकांवर झाकण लावायचं, नाही तर बेडूक राहायला येतात.

फक्त खांब ठेवणार कुठे, ते मंडळाच्या बैठकीत आधी ठरवून घ्या. आमचे माझ्या पडवीत दोन खुंट्यांवर आडवे असतात. जून ते सप्टेंबर आई त्यांवर कपडे वाळत घालते, आणि गणपती झाले तरी लगेच सोडत नाही. परवाच म्हणाली, पाऊस अजून गेलेला नाही, तुझ्या पोरींना म्हणावं आठ दिवस थांबा.